पाच हजारांची नोंद : कुंभारीच्या एका बचत गटाचं प्रकरण

ऑगस्ट २०२०. पाच महिन्यांनंतर पहिल्यांदाच मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत एका गटाचं दप्तर तपासायला बसले होते. तोंडाला मास्क, मधे एक रिकामी खुर्ची, पलीकडे गटाची सचिव. कर्ज रजिस्टरची पानं उलटताना एप्रिलच्या पानावर बोट थांबलं. गटाच्या अध्यक्षांच्या नावावर पाच हजार रुपये. अर्ज जोडलेला नाही. कारणाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. पुढे मात्र दर महिन्याला शंभर रुपये व्याज न चुकता जमा.

अध्यक्षांच्या नावावर अर्जाविना उचल दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. गट फुटायला सुरुवात बहुतेक वेळा अशाच एका ओळीपासून होते. आधी पाच हजार, मग दहा, मग "तिनं घेतले तर मी का नको," आणि एक दिवस पेटी रिकामी. मी काही बोलायच्या आधीच सचिव म्हणाली, "मॅडम, ते कर्ज अक्कांचं नाही. पण नोंद बरोबर आहे. मीच लिहिलीय."

ही ओळ कशी लिहिली गेली ते मला कळायला ती सगळी दुपार गेली. त्यानंतर नेतृत्वाच्या प्रशिक्षणात मी हेच प्रकरण सांगते. पूर्वी आम्ही सुरुवात करायचो ती चार हुतात्म्यांपासून. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले आपल्या सोलापूरचे चौघे. मग डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारलेले. ऐकताना बायकांचे डोळे भरून येत. पण चहाच्या वेळेला एखादी हमखास म्हणायची, "ती मोठी माणसं हो. आम्ही काय करणार." त्यांचं बरोबर होतं. फाशीचा प्रसंग गटाच्या अध्यक्षेवर येत नाही. तिच्यावर येते ती रात्री साडेअकराला दारावरची थाप.

गट आणि वसाहत

नावं देत नाही. वसाहतीत सगळ्या तिला अक्का म्हणतात, मीही तेच म्हणेन. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांतून थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि हळूहळू गल्लीतली मराठी, मुसलमान, लिंगायत पोरंही तेच म्हणायला लागतात.

वसाहतीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. अक्कलकोट रस्त्याला लागून कुंभारीच्या हद्दीत बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभी राहिली, केंद्र सरकार, राज्य सरकार आणि बायकांच्या स्वतःच्या वाट्याच्या पैशांतून. मागे वर्षानुवर्षांचे मोर्चे आणि आडम मास्तरांची, म्हणजे कामगार नेते नरसय्या आडम यांची, चिकाटी होती. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग घरं सुपूर्द करायला आले होते. आमच्या गटातल्या बऱ्याच बायका त्या दिवशी मांडवात होत्या. झोपडपट्टीतून निघून स्वतःच्या नावावर घर झालेल्या या बायका. पैसे जमवून, पावती ठेवून, वाट बघून काहीतरी मिळतं हे त्यांनी एकदा अनुभवलेलं आहे. बचत गटासाठी ही अर्धी तयारी असते.

गट २०१२ चा. बाराजणी, दहा बिडी वळणाऱ्या, एक शिवणकाम करणारी, एक अंगणवाडीत मदतनीस. महिन्याला शंभर रुपये बचत, अंतर्गत कर्जाला, म्हणजे गटाच्याच पैशांतून दिलेल्या कर्जाला, महिना शेकडा दोन व्याज, बैठक दर महिन्याच्या २२ तारखेला. पेटी कोषाध्यक्षांच्या घरी, किल्ली अक्कांकडे, रजिस्टरं सचिवाकडे. ही सचिव गटात सगळ्यात लहान. दहावी पास, लग्न होऊन वसाहतीत आलेली, अक्षर मोत्यासारखं. पेटी, किल्ली आणि वही तीन घरांत ठेवायची हा नियम आम्ही पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतो आणि बहुतेक गट तो सोयीसाठी मोडतात. या गटाने मोडला नव्हता. पुढचं सगळं त्या नियमामुळेच घडलं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकेने गटाला तीन लाखांचं कर्ज दिलं. छत्तीस हप्ते, वर्षाला १२ टक्के व्याज, प्रत्येकीला पंचवीस हजार. बँकेचा हप्ता दहा हजारांना थोडा कमी बसत होता, म्हणून प्रत्येकीने महिन्याला ८३५ रुपये द्यायचे ठरलं. कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणी पत्रे बदलले, दोघींनी खासगी फायनान्सचं जास्त व्याजाचं देणं फेडलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तीन हप्ते वेळेवर गेले. बाकी राहिली साधारण दोन लाख एकोणऐंशी हजार.

हप्त्याची तारीख होती २५.

मार्च २०२०

२२ मार्चला जनता कर्फ्यू, म्हणून बैठक झाली नाही. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू. बिडीची ब्रँच बंद. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : बिडी कामगार बाई ब्रँचमधून तेंदूचं पान, तंबाखू आणि सूत घेऊन येते. रात्री पान भिजवते. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते, मांडीवर सूप घेऊन वळते, सुताने बांधते, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करते आणि परत ब्रँचला नेऊन देते. तिथे मोजणी होते, छाट, म्हणजे नापास बिड्या, बाजूला पडते, उरलेल्याचे पैसे. सोलापुरात साठ-सत्तर हजार बायकांचं घर यावर चालतं. ब्रँच बंद म्हणजे त्या दिवशीची कमाई शून्य, आणि दुसऱ्या दिवशीचीही शून्य. यंत्रमागही बंद, त्यामुळे नवरे आणि मुलंही घरात.

त्यात २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची मुदत जाहीर केली. वसाहतीत ही बातमी पोचली ती अशी : "हप्ते माफ झाले."

मी घरात अडकलेले. दिवसभर फोन. माझ्याकडच्या कितीतरी गटांत त्या आठवड्यात एकच वाक्य फिरत होतं, बँकेचं माफ झालंय, बचत वाटून घ्या आणि गट बंद करा. काही गटांनी तसं केलंही. त्यांना मी दोष देत नाही. ज्या घरात डब्यात पीठ नाही तिथे बँकेतले पैसे कुणाचे, हा प्रश्न फार लवकर सुटतो.

अक्कांच्या गटाच्या बचत खात्यात तेव्हा शेहेचाळीस हजार होते आणि पेटीत सहा हजार चारशे. वाटून घेतले असते तर बँकेतून प्रत्येकीच्या हातात अडतीसशे रुपये आले असते.

अक्कांनी मला फोन केला. चौथी शिकलेली बाई. विचारलं काय, तर "मॅडम, माफ म्हंजे माफ, का थांब म्हंजे माफ?" मी म्हटलं, थांब. व्याज चालू राहणार. "किती?" मी हिशेब केला. महिन्याला शेकडा एक, म्हणजे दोन हजार सातशे नव्वद रुपये. काहीच न भरता राहिलं तर ते मुद्दलात मिसळून पुढे त्यावरही व्याज. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बरं, ठेवते."

उंबऱ्यावरची बैठक

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बैठक घेतली ती दारादारांत. एका गल्लीत समोरासमोर घरं असणाऱ्या सहाजणी आपापल्या उंबऱ्यावर बसल्या, बाकीच्या अंतर ठेवून ओट्यांवर. गटात दोन मुसलमान बायका आहेत. त्या दिवसांत मोबाइलवर नको नको ते फिरत होतं, आणि त्यातल्या एकीच्या ओट्याजवळ बसायला दोघीतिघी का-कू करत होत्या. अक्का जाऊन तिच्याच ओट्याच्या कडेला बसल्या, हातभर अंतर सोडून, आणि तिथूनच बैठक सुरू केली. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

व्याजाची गोष्ट त्यांनी सांगितली ती मला सचिवाने शब्दशः ऐकवली. घरात टाळेबंदीच्या आदल्या रात्री भिजवलेलं पान पडून होतं. ब्रँच बंद म्हणून वळायचं राहून गेलेलं. ते फडकं त्यांनी बाहेर आणून सोडलं. पान काळं पडलं होतं, कडेला बुरशी. म्हणाल्या, "ब्रँचवाल्यानं माल घेणार नाही म्हणून सांगितलं. पानाला कुणी सांगितलं का, थांब म्हणून? व्याजाचं असंच हाय. बँक थांबली, व्याज थांबत नाही."

मी कित्येक वर्षं फळ्यावर चक्रवाढ व्याज शिकवते. इतकं नीट मला कधी जमलेलं नाही.

ठरलं ते असं. मुदत घ्यायची, हप्ता भरायचा नाही. पण दर महिन्याचं व्याज भरत राहायचं, म्हणजे बाकी जिथे आहे तिथेच राहील. माणशी दोनशे तेहतीस रुपये. ज्यांना तेही जमणार नाही त्यांचा भाग गटाच्या बचतीतून, बिनव्याजी, काम सुरू झाल्यावर फेडायच्या बोलीवर.

आता ज्यांना जमणार नाही त्या कोण? भर बैठकीत हे विचारलं की एकही हात वर होत नाही, हे गटात काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. ज्याचं अडलेलं असतं तोच सगळ्यात आधी मान हलवून "जमेल की" म्हणतो. अक्कांनी विचारलंच नाही. त्या आधीच्या दोन दिवसांत प्रत्येकीच्या दारात जाऊन आल्या होत्या. साखर मागायला, कढीपत्ता द्यायला, काहीही निमित्त काढून. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, रेशन कार्डावर किती माणसं लागलीत, कुणाच्या नवऱ्याचा पगार चालू आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मोफत तांदूळ माणशी पाच किलो मिळणार होता, पण एका घराचं कार्डच नव्हतं आणि दुसऱ्या घरात सुनेचं नाव चढलेलं नव्हतं. पाच नावं त्यांनी सचिवाला एकटीला सांगितली. त्या पाचजणींना किराण्यासाठी तीन-तीन हजारही दिले गेले.

त्या यादीत अक्कांचं नाव नव्हतं. त्यांचा मुलगा यंत्रमागावर कामाला, तो घरी बसलेला. नवरा एमआयडीसीत वॉचमन, पगार अर्धा. यादीत नाव घातलं असतं तर कुणी ब्र काढला नसता.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायची आहे. पैशाच्या हिशेबात या व्यवस्थेने फार मोठं काही वाचलं नाही. मुदत पुढे २२ मेला आणखी तीन महिन्यांनी वाढली. सहा महिने काहीच भरलं नसतं तर बाकी सतरा हजारांहून थोडी जास्त वाढली असती, म्हणजे जवळजवळ दोन जादा हप्ते. त्याऐवजी तेवढ्याच आसपासचं व्याज बायकांनी थोडं थोडं करून भरलं. फायदा झाला तो दुसराच. दर २२ तारखेला बाराजणी एकमेकींचं तोंड बघत राहिल्या. जे गट त्या सहा महिन्यांत भेटले नाहीत त्यांतले काही पुन्हा कधीच भेटले नाहीत. शिवाय सातजणींना दोनशे तेहतीस जमले यात नशिबाचाही वाटा होता. दोन घरांत नियमित पगार येत होता. तो नसता तर अक्कांचं सगळं शहाणपणही अपुरं पडलं असतं. नेतृत्वाची गोष्ट सांगताना आपण हा भाग गाळतो आणि मग ऐकणाऱ्या बायका घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसतात.

ती रात्र

एप्रिलच्या मध्याला शहरात रुग्ण सापडायला लागले होते, पाच्छा पेठेचा भाग सील झाला होता, सोलापुरात शिरणं अवघड. अशा एका रात्री साडेअकराच्या सुमारास गटातल्या एका बाईचा मुलगा अक्कांच्या दारात आला. बायको अडलेली. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. रिक्षा नाही. भाजीचा पास असलेला एक टेम्पोवाला यायला तयार झाला. शहरातल्या ज्या खासगी दवाखान्यात तिचं नाव घातलं होतं तिथून फोनवर सांगितलं, आधी पाच हजार भरा.

अक्कांनी किल्ली घेतली, कोषाध्यक्षांना उठवलं, पेटी उघडून पाच हजार काढून दिले. टेम्पोत स्वतः बसल्या. पहाटे मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप.

सकाळी वसाहतीभर आनंद. दुपारी सचिव रजिस्टर घेऊन अक्कांच्या दारात.

नियम असा होता : पेटीतून पैसे काढायचे तर तिन्ही पदाधिकारी हजर हवेत आणि बैठकीची मान्यता हवी. शिवाय त्या बाईवर आधीचं अंतर्गत कर्ज बाकी होतं, आणि निम्मं फिटेपर्यंत दुसरं द्यायचं नाही हा ठराव गटाने २०१६ सालीच केलेला. तो ठरावही अक्कांच्याच सहीचा.

"अक्का, हे कुणाच्या नावावर लिहू?"

"तिच्या."

"तिला बसत नाही."

"मग? तिची सून ओरडायली आणि मी तुझं रजिस्टर हुडकत बसू?"

"बाळ आपलंच आहे अक्का. पैसे गटाचे आहेत."

एवढंच झालं. पण दोन दिवस अक्का तिच्याशी बोलल्या नाहीत. हे मला अक्कांनीच सांगितलं, आणि सांगताना नजर खाली होती. "पोरगी माझ्या मुलीएवढी. मला राग आला की मी एवढं केलं आणि ही माझा हिशेब मागती."

२२ एप्रिल

बैठकीत विषय निघाला. सचिवाने काढला नाही, कोषाध्यक्षांनी काढला. आणि मग बाकीच्या बायका त्या पोरीवर तुटून पडल्या. लई शहाणी झालीस. जीव वाचला ते दिसत नाही का. दहावी शिकली म्हणून काय. एकीने तर तिची सासू समोर ओट्यावर बसलेली असताना तिच्या माहेराबद्दल बोललं.

अक्कांना त्या क्षणी काहीच करायची गरज नव्हती. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. दहा बायका त्यांच्या बाजूने होत्या, बाळ दोन घरं सोडून रडत होतं, चूक कुणाच्या डोक्यात राहिली नसती. राहिली असती ती एका पोरीच्या डोक्यात, आणि तिने पुढच्या वेळेला तोंड उघडलं नसतं.

अक्कांनी हात वर केला. "तिला बोलू नका. ती भांडंना झाली, ती राखण करायली. चुकी माझी हाय. पैसे दिले ती चुकी नाही. तुम्हाला न विचारता दिले ती चुकी. दोन घरं पुढं गेले असते तर तिघी उठल्या असत्या. मी गेले नाही, कारण मला वाटलं मी म्हंजे गट."

मग सचिवाला म्हणाल्या, "माझ्या नावावर लिही. व्याज लाव, सगळ्यांना लागतं तेवढं."

शेकडा दोन, म्हणजे महिन्याला शंभर. त्या बाईने पाच हजार परत दिले ते दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, दोन टप्प्यांत. तोवर सात महिन्यांचे सातशे रुपये व्याज अक्कांनी भरलं. जुलैत पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी झाली त्या महिन्यातही. त्या कुटुंबाकडून व्याज घेतलं नाही. मी विचारलं, का नाही? "तिनं नियम मोडला नाही. मी मोडला."

माझं मत

तपासनीस म्हणून मी ती नोंद नापास केली, हे स्पष्ट सांगते. पैसे ज्याने वापरले त्याच्या नावावर कर्ज दिसलं पाहिजे. उद्या अक्कांना काही झालं असतं तर त्यांच्या मुलाच्या गळ्यात हे देणं पडलं असतं. मी गटाला ठराव लिहायला लावला, काय झालं, कुणी वापरले, कुणी जबाबदारी घेतली, आणि कारणाच्या रकान्यात त्या ठरावाचा क्रमांक. त्या आडव्या रेघेच्या जागी आता तो क्रमांक आहे. दुसऱ्या कुठल्या गटाने अशी नोंद करावी असं मी कधीही सुचवणार नाही.

आणि तरीही चांगली अध्यक्ष कशी असते असं कुणी विचारलं तर मी याच ओळीकडे बोट दाखवते. जिव्हाळा अनेकींकडे असतो. रात्री टेम्पोत बसून जाणाऱ्या बायका सोलापुरात प्रत्येक गल्लीत सापडतील. नियमाला धरून राहणाऱ्याही सापडतात. अवघड आहे ते दोन्ही एकाच वेळी खरं मानणं. पैसे दिले तेही बरोबर, विचारणारी पोरगीही बरोबर, आणि मधे जे काही सांडलं ते मी भरते. अक्कांनी नियम वाकवला नाही, रद्द केला नाही, "अशा वेळी नियम बघत नाहीत" असंही म्हणाल्या नाहीत. नियम मोडायची किंमत असते असं मानलं आणि ती किंमत स्वतःच्या घरातून दिली, अर्ध्या पगाराच्या घरातून. निष्ठा हा शब्द आम्ही भाषणात फार सैल वापरतो. माझ्यासाठी तो आता महिना शंभर रुपये, सात महिने, इतका नेमका झालाय.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. त्यांनी विरोध करणारीला एकटी पडू दिलं नाही. मोहोळला एका प्रशिक्षणात मी हे सांगत होते. चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं सचिव दगडाच्या काळजाची, कुणी म्हणालं अक्का भोळी, व्याज कशाला भरायचं. मागे बसलेली एका गटाची अध्यक्ष बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "मी असते तर पैसे दिले असते, व्याज पण भरलं असतं. पण बाकीच्या तिला बोलत होत्या ना, त्यांना बोलू दिलं असतं." मग पुढे काही तिला बोलता आलं नाही. मी तो वर्ग तिथेच थांबवला.

एक दोष मात्र उरतोच, आणि तो अर्धा माझा आहे. अक्का २०१२ पासून अध्यक्ष होत्या. दर दोन वर्षांनी पदं बदलायची असं आम्ही सांगतो. कागदावर दर वेळी निवड व्हायची, नाव तेच. बँकेत जाणाऱ्या त्याच, बँकेचा मेसेज यायचा तो त्यांच्याच मोबाइलवर. एप्रिलमध्ये त्यांना करोना झाला असता तर उरलेल्या अकराजणींना कर्ज खात्याचा क्रमांकही माहीत नव्हता. "मी म्हंजे गट" असं त्यांना वाटलं याचं नवल नाही. आठ वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांना तसंच वागवलं होतं. गट चांगला चाललाय ना, मग कशाला हलवायचं, असा विचार करून मीच दर वेळी सही केली होती.

जानेवारी २०२१ पासून अक्कांनी सचिवाला बँकेत न्यायला सुरुवात केली. पहिल्या वेळेला काउंटरवर ती पोरगी स्लिप भरताना घामाघूम झाली. अक्का मागे बाकावर बसून राहिल्या, उठल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात त्या घरीच थांबल्या. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, दोन हप्ते उशिरा गेले. दंडाचं बोलणं त्या पोरीनेच शाखेत जाऊन केलं. २०२२ मध्ये ती अध्यक्ष झाली. कर्जाचा शेवटचा हप्ता मे २०२३ मध्ये गेला, ठरल्यापेक्षा सहा महिने उशिरा, म्हणजे मुदतीचे जेवढे तेवढेच. त्या साऱ्या काळात एकजण गटातून गेली. तिच्यावर फायनान्सच्या दोन कंपन्यांचं देणं होतं, वसुलीवाले दारात यायचे, ती माहेरी लातूरला निघून गेली. तिची बाकी उरलेल्या अकराजणींनी वाटून घेतली. अक्का अजून तिला फोन करतात.

त्या प्रसंगानंतर गटाने एक ठराव केला होता. त्याला बायका "रात्रीचा नियम" म्हणतात. आजारपण, बाळंतपण, अपघात, यासाठी तीन हजारांपर्यंत रक्कम पदाधिकाऱ्यांना रात्रीही काढता येते. अट एकच, आणखी तीन सदस्यांना फोन करून त्यांचा होकार घ्यायचा आणि सकाळी दहाच्या आत वहीत नावं लिहायची.

गेल्या पावसाळ्यात त्या नियमाची वेळ आली. गटातल्या एकीच्या नवऱ्याला कामावरून येताना गाडीने उडवलं, रात्री एकला. नव्या अध्यक्षेने पेटीची किल्ली हातात घेतली आणि पहिला फोन अक्कांना लावला. अक्कांनी सगळं ऐकलं, कोणत्या दवाखान्यात नेलंय विचारलं, पायात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "माझा होकार लिही. मी एक झाले. अजून दोघींना उठव."